उसने आभार

जानेवारीतली संध्याकाळ होती. लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये बर्फ पडत नाही, परंतु व्हर्डुगोच्या डोंगरावरचे शेवटचे ऊन उतरले की हवा एकदम बोचरी होते, आणि घराबाहेर पडताना दारामागे जे टांगलेले असेल ते अंगावर चढवले जाते. त्या दिवशी हाताला लागले ते गडद निळे जॅकेट. किराणा दुकानात सामान पट्ट्यावर मांडण्यासाठी मी पाठमोरी झाले, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलाचा हात कोथिंबिरीच्या जुडीवर तसाच थांबला. "तुम्ही यावर काम केलंत?" त्याने विचारले. जॅकेटच्या पाठीवर पिवळ्या रेशमाने एका कार्टून मालिकेचे नाव भरलेले आहे, हे मी विसरूनच गेले होते. माझ्यामागे दोन माणसे ताटकळत होती, एकाच्या हातात आइस्क्रीमचा डबा होता, आणि "नाही" हा एक शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागला असता तेवढा मी नुसता हसण्यात घालवला. त्या हसण्याचा अर्थ त्याने त्याला हवा तसा घेतला. शाळेत असताना एक अख्खे वर्ष तो कोणाशीही बोलत नसे, असे त्याने सांगितले, आणि ते वर्ष त्याने या मालिकेच्या आधाराने काढले होते. मग उजवा हात छातीवर ठेवून त्याने माझे आभार मानले, पावती दिली आणि मागच्या माणसाचा आइस्क्रीमचा डबा उचलला.

गाडीत येऊन बसले तरी किल्ली फिरवायला हात होईना. व्यवसायाने मी हिशेबनीस आहे. एकाच्या नावची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात पडली, तर ती दुरुस्त होईपर्यंत मला चैन पडत नाही. इथे तर दुसऱ्याची ठेव मी स्वतःच, उघड्या डोळ्यांनी, माझ्या नावावर जमा करून घेतली होती.

जॅकेट मी ऑक्टोबरमध्ये पाच डॉलरला घेतले होते. मॅग्नोलिया बुलेव्हार्डला लागून असलेल्या एका गल्लीत, घरापुढच्या गाडी उभी करण्याच्या जागेत, एका बाईंनी जुन्या सामानाची विक्री मांडली होती. टोस्टर, उशा, एका चाकाची हवा गेलेली सायकल, पुस्तकांची खोकी. अशा विक्रीत जे असते ते सगळे होते. फक्त कपडे टांगायच्या दांडीवर ओळीने नऊ जॅकेटे होती, आणि प्रत्येकाच्या पाठीवर वेगळे नाव होते. कोणते साटीनचे, कोणते डेनिमचे, एक तर टोपीवाले, आत लोकर असलेले. ही एखाद्या दुकानातून उरलेली आहेत का, असे मी विचारले. "नाही," त्या म्हणाल्या, "या माझ्या नोकऱ्या आहेत." मालिकेचा एखादा हंगाम पुरा झाला की काम करणाऱ्या सगळ्यांना असे जॅकेट मिळते, हा इथल्या कार्टूनच्या धंद्यातला रिवाज मला तेव्हा कळला. बाई स्टोरीबोर्ड काढतात. पटकथेतला किंवा नुसत्या टिपणातला प्रसंग चौकटीचौकटींतून काढून दाखवायचा, कोण कुठे उभा आहे, कोणाची भुवई केव्हा उंचावते, कॅमेरा कोठून पाहतो, हे सगळे ठरवायचे. अकरा मिनिटांच्या एका भागासाठी दोघांना मिळून पाच-सहा आठवडे लागतात, असे त्या म्हणाल्या. वीस वर्षे हेच केले. शेवटचे काम संपून तेव्हा दीड वर्ष झाले होते, आणि घर बदलून लहान जागेत जायचे होते.

त्यांच्या मांडणीत एक वस्तू अशी होती की तिच्यापाशी मी बराच वेळ उभी राहिले. लाकडी उताराच्या चौकटीत बसवलेली काचेची गोल तबकडी, हाताने फिरणारी, आणि तिच्या कडेला कागद अडकवण्याच्या तीन खुंट्या: मधली गोल, बाजूच्या दोन चपट्या. खाली दिवा लावला की एकावर एक ठेवलेले कागद पारदर्शक होतात आणि मागच्या चित्रावरून पुढचे चित्र काढता येते. ती त्यांची शिकत असतानाची होती. आता सगळे काम पडद्यावरच होत असल्यामुळे ती कितीतरी वर्षे माळ्यावर पडून होती. मी पाहत असतानाच एक तरुण जोडपे आले आणि त्यांनी ती कुंडी ठेवण्यासाठी घेतली. झाड सगळीकडून ऊन खाईल, कारण ती फिरते, असे त्यातली मुलगी हरखून म्हणाली. बाईंनी सुटे पैसे दोनदा मोजले. मी काहीतरी बोलायचे म्हणून माझा व्यवसाय सांगितला, त्यांनी बेकारभत्त्यावरच्या कराविषयी दोन प्रश्न विचारले, आणि अडले तर फोन करा म्हणून आम्ही एकमेकींचे क्रमांक घेतले.

घरी आल्यावर माझ्या बारा वर्षांच्या मुलीने पाठीवरचे नाव वाचले आणि रिमोटमध्ये ते मोठ्याने उच्चारले. आम्ही ज्या सेवांचे पैसे भरतो त्यांपैकी एकीवरही ती मालिका नव्हती. ज्यांचे भरत नाही त्यांच्यावरही नव्हती. सापडली ती चाहत्यांनी काढलेली चित्रे, वर्षानुवर्षांपूर्वीची कौतुके, आणि उघडत नसलेल्या चित्रफितींच्या राखाडी चौकटी. "आई, हे खरंच होतं का?" तिने विचारले.

मालिकेचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण त्यावरून त्या बाई ओळखू येतील. पण अशा मालिकांचे काय होते, ते जगजाहीर आहे. एप्रिल २०२२ मध्ये वॉर्नरमीडिया आणि डिस्कव्हरी या मनोरंजन कंपन्या एक झाल्या, आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यांच्या एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग सेवेवरून ३६ कार्यक्रम हटवण्याचे जाहीर झाले. त्यांत कार्टूनांची संख्या मोठी होती. ओवेन डेनिस यांची 'इन्फिनिटी ट्रेन' त्यांपैकीच एक. अंत नसलेली आगगाडी, प्रत्येक डब्यात एक स्वतंत्र जग, आणि चुकून तिच्यात चढलेल्या प्रवाशाच्या तळहातावर हिरवा चमकणारा आकडा. मनातली गाठ जसजशी सुटेल तसतसा तो आकडा उतरत जातो आणि शून्य झाला की घरचा दरवाजा उघडतो. हिशेबाचा इतका हळवा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही. ती मालिका केवळ सेवेवरून गेली नाही, कार्टून नेटवर्क वाहिनीच्या यूट्यूबवरचे तिचे तुकडेही पुसले गेले. ज्युलिया पॉट यांची 'समर कॅम्प आयलंड' त्याच यादीत होती. पाच वर्षे रात्री जागवून शंभर भाग केले आणि आम्ही कोणीच नव्हतो अशा रीतीने ते काढून घेतले, अशा आशयाचे त्यांनी तेव्हा लिहिले होते. त्या मालिकेचा शेवटचा हंगाम तर तयार होऊन पडलेला होता. तो प्रेक्षकांपर्यंत पोहोचायला २०२३ उजाडले. ओलन रॉजर्स यांच्या 'फायनल स्पेस'चेही त्याच सुमारास तेच झाले.

हे का होते, याचे उत्तर लोक संतापाने शोधतात. मला ते शोधावे लागले नाही, कारण ते माझ्या रोजच्या भाषेत आहे. मालिका करायला आलेला खर्च त्या वर्षीच्या खर्चात दाखवत नाहीत; तो मत्ता म्हणून ताळेबंदात बसतो आणि यंत्रावर घसारा धरावा तसा वर्षांवर्षांत थोडा थोडा उतरवला जातो. मालिका पुढे दाखवायचीच नाही असे ठरवले, तर उरलेली सगळी किंमत एकदम तोट्यात टाकता येते. कर लागणारे उत्पन्न तेवढे आटते. शिवाय दाखवल्याबद्दल कलावंतांना आणि संगीताच्या हक्कदारांना जे चुकते करावे लागते, ते वाचते. दोन कंपन्या एक होतात ते वर्ष अशा झाडलोटीला सोयीचे असते, कारण सगळा केर पुनर्रचनेच्या एकाच शीर्षाखाली लोटता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये त्या कंपनीने अशा निर्लेखनाचा अंदाज २८० ते ३५० कोटी डॉलर दिला होता. त्यात केवळ कार्टूने नव्हती, पण कार्टूनेही होती. ही नोंद बेकायदा नाही, तिच्यात लबाडीही नाही. सांगलीत नोकरी करत असताना एका कारखान्यातल्या जुन्या यंत्रांची अशीच नोंद मी केली आहे. पण ती यंत्रे गंजून बंद पडली होती, आणि नोंदीआधी साहेबांनी मला प्रत्यक्ष नेऊन ती दाखवली होती.

चालते यंत्र भंगारात काढण्याची नोंद मात्र माझ्या हातून कधी झाली नव्हती.

तरीही हिशेबनिसांना खलनायक ठरवून मोकळे व्हावे, हे माझ्याने होत नाही, आणि त्याचे कारण केवळ आपल्या जातभाईंची बाजू घेणे हे नाही. अमेरिकेतले टीव्हीवरचे कार्टून जन्मालाच हिशेबातून आले. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा एमजीएम या चित्रपट कंपनीत टॉम आणि जेरीचे चित्रपट करत होते, आणि त्या चित्रपटांना सात ऑस्कर मिळाली होती. १९५७ मध्ये कंपनीच्या लक्षात आले की जुनेच चित्रपट पुन्हा थिएटरांत लावले तरी जवळपास तेवढाच पैसा मिळतो. मग नवे कशाला काढायचे? विभाग बंद झाला. दोघे टीव्हीकडे वळले, जिथे त्यांना पूर्वीच्या मानाने अगदीच किरकोळ पैसे मिळणार होते. हालचाल दाखवायची आणि चित्रे मात्र कमी काढायची, या पेचातून त्यांनी काढलेल्या युक्त्या मला कोणत्याही ताळेबंदापेक्षा सुंदर वाटतात. योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय का असतो? धड स्थिर ठेवून फक्त डोके हलवता यावे आणि मानेवरचा सांधा दिसू नये म्हणून. पळणाऱ्या पात्रामागून तीच खिडकी, तेच झाड, तोच दिवा पुन्हा पुन्हा का जातो? एकच पार्श्वभूमी फिरवत ठेवली की भागते म्हणून. अकरा मिनिटांचा भाग सेकंदाला बारा चित्रे धरून पुरता हलवायचा तर ७,९२० चित्रे लागतील. ती वाचवण्यासाठी जे जे केले गेले त्यातून एक शैली उभी राहिली. पुढे हीच काटकसर चित्रे काढण्याचे काम समुद्रापलीकडे, सोलसारख्या शहरांतल्या स्टुडिओंत, घेऊन गेली, आणि ते थांबवण्यासाठी लॉस एंजेलिसच्या चित्रकारांनी १९७९ आणि १९८२ मध्ये संपही केले. म्हणजे कंजुषी नवी नाही. पण तेव्हाच्या कंजुषीतून, बरे असो की वाईट, काहीतरी पडद्यावर येत होते.

माझ्याकडे ते सगळे सांगलीत, केबलच्या काळ्या वायरीतून आले. कार्टून नेटवर्क भारतात १९९५ मध्ये सुरू झाले, आणि आमच्या केबलवाल्याने ते लवकरच आम्हाला दिले, अर्थात मुंग्यांसकट. रात्री त्याच वाहिनीवर कार्टून संपून टीएनटीचे जुने इंग्रजी चित्रपट लागत, त्यामुळे घरात त्या एका घटकेला नेहमी वाद असे. मी शेवटच्या पाच मिनिटांसाठी हट्ट धरून बसलेली, आणि बाबा चष्मा पुसत एमजीएमच्या सिंहाच्या डरकाळीची वाट पाहणारे. इंग्रजी फारसे कळत नव्हते. 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी'त बहीण बटण दाबते आणि भावाची प्रयोगशाळा उडते एवढे कळले की पुरे. भाकरी थापता थापता आजी बाहेर डोकावून म्हणायची, "त्या बोक्याला आज काय केलं गं?" तिला सगळीच कार्टूने टॉम आणि जेरीची वाटत. मला हे कोणी काढत असेल असे कधी वाटलेच नाही. पाऊस पडतो तसे ते पडत असावे. शेवटी झरझर वर जाणाऱ्या नावांकडे लक्ष गेले तेव्हा त्यांत कोरियन नावांची रांगच्या रांग पाहून मी बाबांना विचारले होते, आणि बँकेत आयुष्य काढलेल्या बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले होते, "तिकडे मजुरी स्वस्त असणार." ते खरेच होते, पण तेवढेच खरे नव्हते, ते कळायला मला बरबँकच्या गल्लीत नऊ जॅकेटांसमोर उभे राहावे लागले.

जी वाहिनी आमच्या घरात भांडणे लावत होती, तिच्या जन्माची हकिकत मी अलीकडे पुन्हा वाचली आणि हिशेबाच्या दृष्टीने ती मला फार मोलाची वाटली. टेड टर्नर यांनी १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा विकत घेतली, तेव्हा किंमत ३२ कोटी डॉलर पडली. एमजीएमची जुनी कार्टूने त्यांच्याकडे आधीच होती. एवढा साठा हाती आहे तर त्याची वाहिनी का काढू नये, या विचारातून १ ऑक्टोबर १९९२ रोजी कार्टून नेटवर्क सुरू झाले. पहिली काही वर्षे ते जुन्यावरच चालले. नवी मंडळी, नवे प्रयोग नंतर आले. जुनी चित्रे ही ठेव आहे, तिच्या व्याजावर नवे उभे राहते, एवढा साधा विचार त्यामागे होता. तीसेक वर्षांनी तीच चित्रे ओझे ठरू लागली. बरबँकच्या थर्ड स्ट्रीटवरची कार्टून नेटवर्क स्टुडिओची इमारत २०२३ मध्ये रिकामी झाली. तिच्या जिन्याच्या भिंती तिथल्या चित्रकारांनी वर्षानुवर्षे आपल्या पात्रांनी भरून टाकल्या होत्या, आणि जिना काही उचलून नेता येत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये वाहिनीचे संकेतस्थळ बंद करून येणाऱ्यांना मॅक्सकडे, म्हणजे तेव्हा नाव बदललेल्या एचबीओ मॅक्सकडे, वळवण्यात आले. पुढच्याच महिन्याअखेर जुन्या कार्टूनांची बूमरँग ही सेवा बंद झाली. मार्च २०२५ मध्ये जुने 'लूनी ट्यून्स' मॅक्सवरून गेले. एवढ्यात त्या सेवेचे नाव एचबीओ मॅक्सचे मॅक्स आणि मॅक्सचे पुन्हा एचबीओ मॅक्स झाले. या सगळ्या घालमेलीत नवी पाटी रंगवणाऱ्याला तरी दोनदा काम मिळाले असेल.

याचा अर्थ अमेरिकन टीव्हीवर कार्टून उरलेच नाही, असा मुळीच नाही, आणि तसे लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. 'द सिम्प्सन्स' १९८९ च्या डिसेंबरपासून चालू आहे, आणि फॉक्सने एप्रिल २०२५ मध्ये त्याला, 'फॅमिली गाय'ला, 'बॉब्स बर्गर्स'ला आणि 'अमेरिकन डॅड'ला आणखी चार-चार हंगाम देऊन टाकले. 'साउथ पार्क'च्या कर्त्यांनी त्याच वर्षी पाच वर्षांसाठी १५० कोटी डॉलरचा करार केला. 'फ्युचुरामा' आणि 'किंग ऑफ द हिल' पुन्हा जिवंत झाल्या. पण ही यादी जरा लांबून पाहिली की लक्षात येते, हे सगळे माझ्या वयाच्या लोकांचे आहे. बार्ट सिम्प्सन अजून दहा वर्षांचा आहे आणि त्याच्याबरोबर सुरुवात केलेला प्रेक्षक पन्नाशीकडे झुकला आहे. जुन्या गिऱ्हाइकाला जुनाच माल देत राहणे यात धोका नाही. कार्टून नेटवर्क या मुलांच्या वाहिनीवर 'अडल्ट स्विम' या मोठ्यांसाठीच्या पट्ट्याने ऑगस्ट २०२३ पासून संध्याकाळचे पाच वाजल्यापासूनचा ताबा घेतला आहे, म्हणजे शाळेतून आलेल्या मुलाने दप्तर टाकून टीव्ही लावायचा, ती वेळच राहिलेली नाही. अर्थात मुले तरी तिथे होती कुठे? शनिवार सकाळच्या कार्टूनांचा राष्ट्रीय वाहिन्यांवरचा शेवटचा पट्टा २०१४ मध्येच संपला. माझ्या मुलीला शनिवारच्या सकाळचे काही अप्रूप असू शकते, हे तिला समजावून सांगता सांगता मीच थकले.

ती जे पाहते ते वेगळ्या वाटेने येते. लहान असताना तिने 'ब्लुई' पाहिली, आणि ती तर ब्रिस्बेनमध्ये होते. २०२४ मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सर्वांत जास्त पाहिला गेलेला कार्यक्रम हीच ऑस्ट्रेलियन कुत्री होती: साडेपाच हजार कोटी मिनिटांहून जास्त. आता ती 'द अमेझिंग डिजिटल सर्कस' पाहते. गूसवर्क्स या टोपणनावाने काम करणाऱ्या अमेरिकन कलावंताची ही कल्पना ऑस्ट्रेलियातल्या ग्लिच या स्टुडिओने थेट यूट्यूबवर आणली, आणि तिचा पहिला भाग तीस कोटींहून अधिक वेळा पाहिला गेला आहे. 'आउल हाउस'च्या डेना टेरेस यांनीही आपले पुढचे काम ग्लिचकडेच नेले. 'हॅझबिन हॉटेल' २०१९ मध्ये यूट्यूबवर एक भाग म्हणून आले आणि चार वर्षांनंतर मोठ्या सेवेने ते उचलले. मुलीबरोबर बसून मी डिजिटल सर्कसचे दोन भाग पाहिले. मला ते कर्कश वाटले, मग त्यातले एक पात्र एकटे असताना कसे बोलते ते ऐकून घशाशी काहीतरी आले, मग पुन्हा कर्कश वाटले. आजीलाही आमचे कार्टून असेच वाटत असावे. जिथे वाहिनी नाही तिथे वाहिनीचा हिशेबनीसही नाही, हे मला मनापासून आवडते. पण तिथे पहिल्या भागाचे पैसे कोण देते, आजारपण कोण पाहते, हे विचारल्याशिवाय माझ्या स्वभावाला राहवत नाही.

कारण त्याच प्रश्नावर माझ्या ओळखीच्या बाईंचे घर लहान झाले. महासाथीत सगळी चित्रीकरणे थांबली, चित्रकारांनी मात्र आपापल्या घरी बसून कामे चालू ठेवली, आणि त्या काळात इथे कामाचा सुकाळ झाला. सेवा एकमेकींशी स्पर्धा करत मालिका मागत होत्या. २०२२ नंतर तो पूर ओसरला. पूर्वी एका मालिकेला पन्नासेक भागांची ऑर्डर मिळे आणि दोन वर्षे निघत. आता दहा भाग, मग वाट पाहणे. चित्रकारांच्या संघटनेचा आरोग्यविमा कामाचे ठराविक तास भरले तरच टिकतो. मालिका पुन्हा दाखवल्याबद्दलचा चित्रकारांचा वाटा व्यक्तीच्या हाती पडत नाही. तो संघटनेच्या विमा आणि निवृत्तिवेतनाच्या निधीत जातो. त्यामुळे मालिका नाहीशी होते तेव्हा काढणाऱ्याच्या पाकिटातून थेट काही कमी होत नाही, हे मला आधी दिलाशासारखे वाटले होते. बाईंनी शांतपणे सांगितले की नवे काम मागायला गेल्यावर जुने दाखवावे लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये याच बरबँकमध्ये त्यांच्या संघटनेचा मोठा मेळावा झाला होता. मी रस्त्यावरून जाताना फलक पाहिले होते, आणि इतके देखणे, इतके निगुतीने रंगवलेले निषेधाचे फलक मी जन्मात पाहिले नव्हते. कृत्रिम बुद्धिमत्तेपासून संरक्षण ही मोठी मागणी होती. डिसेंबरमध्ये करार मंजूर झाला. बाईंनी कोणत्या बाजूने मत दिले ते मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

तर दुकानातल्या त्या संध्याकाळनंतर तीन दिवसांनी मी त्यांना संदेश पाठवला. जे घडले ते सगळे लिहिले, माझे हसणेसुद्धा. वाटले होते, त्या रागावतील किंवा हसतील. उत्तरात एकच प्रश्न आला: "त्याने कोणता भाग म्हटलं?"

मी विचारलेच नव्हते. आभार घेताना ते कशाबद्दल आहेत, हेही मी पाहिले नव्हते.

पुढच्या शनिवारी मी जॅकेट न घालता त्या दुकानात गेले आणि त्याच मुलाच्या रांगेत उभी राहिले. त्याने मला ओळखले नाही. मी सांगितले की ते जॅकेट पाच डॉलरला घेतलेले आहे, मला सरळ रेघही मारता येत नाही, आणि ज्यांचे ते होते त्यांना विचारायचे आहे. त्याचा चेहरा उतरला, मग कुतूहलाने पुन्हा वर आला. भाग कोणता, ते सांगायला त्याला क्षणही लागला नाही. दोन पात्रे पावसात बसथांब्यावर बसलेली असतात, बस येत नाही, आणि जवळजवळ मिनिटभर कोणीही काही बोलत नाही. फक्त एकजण आपली छत्री थोडीशी, अगदी थोडीशी, दुसऱ्याच्या बाजूला कलती करतो. "ती छत्री," तो म्हणाला आणि मिरच्यांचे वजन करू लागला. सगळे भाग त्याच्याजवळ हार्ड डिस्कवर आहेत. कुठून आले ते त्याने सांगितले नाही, आणि मीही यावेळी विचारले नाही.

रात्री जेवणे झाल्यावर मी बाईंना छत्रीचे कळवले. बराच वेळ काही आले नाही. मग आले: "बसथांबा माझा नाही. माझ्या जोडीला जो होता, त्याने काढला होता. आता तो घरं रंगवण्याची कामं घेतो. त्याला आत्ताच कळवते." मी फोन उलटा ठेवून भांडी घासायला घेतली. नळ बंद केला तेव्हा आणखी एक संदेश येऊन पडलेला होता. त्या मुलाकडची प्रत मिळू शकेल का, असे त्यांनी विचारले होते; कारण काम संपले की स्टुडिओचा संगणक स्टुडिओत राहतो, आणि त्यांच्यापाशी त्या मालिकेचे म्हणून जे काही होते ते एवढे जॅकेटच.

हक्क, परवाना, दंड, यांतले मला सगळे समजते. तरी मी स्वयंपाकघराचा खालचा खण उपसला, आणि रबरबँडांच्या गुंत्याखाली एक पेनड्राइव्ह सापडला. त्यावर मुलीचा चौथीतला ज्वालामुखीचा प्रकल्प होता. तो आधी संगणकावर उतरवून घेतला, दोन ठिकाणी.